दरवर्षी लॉन बदलायची वेळ येतेय? गवत सोडा, आधी खाली बघा

जूनमध्ये लॉन टाकायची, जुलैभर हिरवीगार, सगळ्यांना फोटो पाठवून झाले, ऑगस्टमध्ये एका कोपऱ्यात पिवळी पडायला लागते, गणपती येईपर्यंत तो कोपरा काळपट आणि चिकट झालेला असतो आणि दिवाळीला पाहुणे यायच्या वेळी मधोमध टक्कल. मग माळी येतो, जमिनीकडे बघून मान हलवतो आणि म्हणतो, "माती खराब आहे साहेब, एक ट्रॉली लाल माती टाकू, वर शेणखत मारू, नवीन लॉन लावू, मग बघा कशी येते." पुढच्या पावसाळ्यात परत तेच. पुण्याच्या आजूबाजूला, वाघोली, मोशी, तळेगाव, उंड्री अशा भागात जिथं रो हाऊस आणि छोटे बंगले झालेत तिथं बागा लावायचं आणि जास्त करून बिघडलेल्या बागा दुरुस्त करायचं काम मी करतो. येणारे बहुतेक फोन या एकाच तक्रारीचे असतात, फक्त नावं वेगळी. कोणी म्हणतं बुरशी आली, कोणी म्हणतं खत कमी पडलं, कोणी म्हणतं नर्सरीवाल्याने टोपी घातली.

एकदा लॉन गेली तर काहीही कारण असू शकतं, पण त्याच जागी दुसऱ्या वर्षीही गेली ना, तर कारण पाणी असतं नाहीतर ऊन, गवताला शिव्या देऊन उपयोग नाही. आणि दरवर्षी माती टाकायचा जो उपाय चालतो तो दुखणं वाढवतो. का ते येईलच पुढं.

आधी पिवळं म्हणजे कसं पिवळं ते बघा

खाली वाकून, चष्मा लावून बघायचं, गॅलरीतून बघून काही कळत नाही. सगळी लॉन एकसारखी फिकट हिरवी-पिवळी दिसतेय आणि वाढ मंद आहे, तर नत्र कमी आहे, हे सोपं प्रकरण. ३०० स्क्वेअर फुटाला पाव किलो युरिया एका वेळी पुरतो, वाफशावर, म्हणजे माती ओलसर पण चिकट नसताना टाकायचा आणि लगेच पाणी द्यायचं. मूठमूठ फेकून जळलेले गोल चट्टे पाडून घेऊ नका. कोवळं पातं पिवळं आणि त्यातल्या बारीक शिरा मात्र हिरव्या, असं असेल तर ते लोहाचं काम आहे. आपल्याकडच्या काळ्या मातीत चुनखडी भरपूर, पीएच ८ च्या आसपास, त्यामुळे जमिनीत लोह असूनही मुळांना ते उचलता येत नाही. यावर माळी लोक जमिनीत हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट टाकतात, ती चुनखडीच्या मातीत लवकरच निकामी होते, आणि शिवाय पेव्हरवर पडली की तांबडे डाग पडतात जे घासून जात नाहीत. ५ ग्रॅम प्रति लिटर अशी पानांवर फवारा, पेव्हर आणि भिंत झाकून, नाहीतर जमिनीतूनच द्यायचं असेल तर ईडीडीएचए प्रकारचं चिलेटेड लोह मागा, साधं ईडीटीए वालं एवढ्या पीएचला टिकत नाही. चुनखडी आहे का हे बघायला मातीच्या ढेकळावर व्हिनेगर टाका, फसफसलं तर आहे. नीट आकडे हवे असतील तर कृषी विज्ञान केंद्रात माती तपासून घ्या, पीएच, क्षार, सेंद्रिय कर्ब, मुक्त चुनखडी सगळं कळतं.

तिसरा प्रकार म्हणजे ठिकठिकाणी वाळलेले पॅच, आणि तिथलं गवत मुठीत धरून ओढलं की सतरंजीची कड उचलावी तसं सगळं वर येतं, खाली मुळंच नाहीत. तिथं बोटभर माती उकरा, पांढऱ्या, इंग्रजी सी सारख्या वळलेल्या, तपकिरी डोक्याच्या अळ्या दिसतील. ही हुमणी. वळवाचा पाऊस झाला की संध्याकाळी कडुनिंब-बाभळीवर हिचे भुंगेरे जमतात, ते मातीत अंडी घालतात आणि जुलैपासून अळ्या मुळं खायला लागतात. साळुंक्या आणि कावळे लॉन उकरताना दिसले तर समजा त्यांना तुमच्या आधी कळलंय. हिचा शिरकाव बऱ्याचदा कच्च्या शेणखतातून होतो, म्हणून ते ट्रॉलीभर गरम, वास मारणारं शेणखत अंगणात घेऊच नका, पूर्ण कुजलेलं नाहीतर गांडूळखत घ्या. मेटारायझियम नावाची मित्रबुरशी खतात मिसळून जूनच्या सुरुवातीला टाकली तर हुमणी बरीच आटोक्यात राहते, पण ऑक्टोबरमध्ये अळी बोटाएवढी झाल्यावर टाकून चमत्कार होत नाही.

आता हे तीनही नाही, आणि नेहमी तोच कोपरा, तीच भिंतीकडची पट्टी जाते, पाय ठेवला की पच्च आवाज येतो, मग खाली वाचा. खरं दुखणं इथंच असतं.

खड्डा घ्या, दुसरा इलाज नाही

ज्या जागी लॉन जाते तिथं आणि जिथं बरी आहे तिथं, असे दोन खड्डे घ्या, एक फूट लांब, एक फूट रुंद, दीड फूट खोल. लॉनचा तुकडा आधी चौकोनी कापून बाजूला ठेवा, परत बसवता येतो. आणि खड्ड्याची उभी बाजू नीट खरवडून थर बघा. नव्या स्कीममधल्या बंगल्यांमध्ये मला जे दिसतं ते साधारण असं: वर पाच-सहा इंच लाल माती, छान भुसभुशीत, तिच्याखाली एकदम कडक मुरूम, पहार मारली की टण्ण वाजतो, त्यात विटांचे तुकडे, सिमेंटच्या गोण्या, वाळलेल्या सिमेंट-वाळूच्या मसाल्याचे गोळे, टाईलच्या कपच्या, गुटख्याच्या पुड्या, आणि त्याच्याखाली मूळची काळी माती. म्हणजे बांधकाम चालू असताना जिथं मिक्सर आणि डंपर फिरले, तीच जमीन राडारोड्याने भरून, रोलर फिरवून लेव्हल केली आणि ताबा द्यायच्या आधी वर लाल मातीचा पातळ थर पसरून त्यावर लॉन. ब्रोशरमध्ये याला प्रायव्हेट गार्डन म्हणतात.

मुळांचा जोर त्या पाच-सहा इंचांतच. पावसाचं पाणी लाल मातीतून सरळ खाली उतरतं आणि कडक थरावर अडतं, तिथून पुढं जायला वाट नाही, मग लाल माती खालून वर भरत येते. वरून बघणाऱ्याला पाणी साचलेलं दिसतही नाही, कारण ते मातीच्या आत साचलेलं असतं. मुळांना हवा मिळत नाही, ती गुदमरून कुजतात, आणि मग बुरशी येते. बुरशी ही शेवटी आलेली पाहुणी, तिच्यावर पावडर फवारून पैसे घालवायचे असतील तर घालवा. खड्ड्यातली माती हातात घेऊन वास घ्या. निळसर-राखाडी रंग आणि सडक्या अंड्याचा वास आला तर निदान झालं, पुढं तपासायची गरजच नाही.

वास नसेल तर पाण्याची टेस्ट करा. खड्डा काठोकाठ भरा, पूर्ण जिरू द्या, परत भरा आणि आता उभी पट्टी लावून एका तासात किती इंच उतरलं ते बघा. पहिल्या वेळचं मोजायचं नाही, कोरडी माती अधाशासारखं पिते आणि तुम्हाला खोटी खुशी देते. तासाला एक इंच किंवा जास्त उतरलं तर निचरा ठीक आहे. अर्ध्या इंचाच्या आत असेल तर तिथं ड्रेन केल्याशिवाय लॉन टिकणार नाही, कोणत्याही कंपनीचं खत घाला. रात्रीचं भरलेलं पाणी सकाळी तसंच्या तसं दिसतंय असेही बंगले बघितलेत.

आता एवढं पाणी येतं कुठून

लोकांना वाटतं पाऊस पडला की पाणी येणारच, त्यात काय. पण अंगणावर पडणाऱ्या पावसाचा हा त्रास नसतोच बऱ्याचदा. टेरेसचं पाणी कुठं सोडलंय ते बघा. १००० स्क्वेअर फुटाची टेरेस म्हणजे जवळपास ९३ चौरस मीटर. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. ५० मिलिमीटरचा एक चांगला पाऊस झाला, असा पाऊस पुण्यात दर हंगामात एखाद-दुसऱ्यांदा तरी येतो, की तुमच्या टेरेसवरून साडेचार हजार लिटरहून जास्त पाणी खाली येणार. दहा हजार लिटरच्या टँकरचा जवळजवळ अर्धा टँकर. आणि हे पाणी खाली आणणारे डाऊनटेक पाईप दोन, त्यातला एक पार्किंगच्या बाजूला आणि दुसरा भिंतीवरून उतरून एल्बो लावून सरळ लॉनच्या कोपऱ्यात मोकळा सोडलेला. तुमचा सडणारा कोपरा कोणता, आणि हा पाईप कुठं उतरतो, जाऊन बघा. मी फोनवरच विचारतो आणि समोरचा माणूस दोन मिनिटं गप्प होतो.

दुसरं म्हणजे पेव्हर. लॉनच्या चारही बाजूंनी पेव्हर किंवा कर्ब बसवतात आणि त्याची कड लॉनपेक्षा इंच-दीड इंच वर ठेवतात, दिसायला फिनिशिंग छान येतं म्हणून. एका बाजूला घर, एका बाजूला कंपाउंड वॉल, दोन बाजूंना पेव्हरची कड, झाली परात तयार. पाणी जाणार कुठून? कंपाउंड वॉलला खाली पाणी जायला छिद्रं ठेवलेली असतात कधी कधी, तीही माती टाकून टाकून बुजलेली.

आणि इथं येतो तो दरवर्षीचा मातीचा कार्यक्रम. हिशेब करा, २० बाय १५ ची लॉन म्हणजे ३०० स्क्वेअर फूट, सहा इंच माती म्हणजे १५० घनफूट, म्हणजे दीड ब्रास. दरवर्षी एवढी नसली तरी दोन-तीन इंच पडतेच. जुनी लॉन काढताना खरवडून निघते ती थोडी, वर पडते ती जास्त. चार-पाच वर्षांत अंगण अर्ध्या फुटाहून जास्त वर येतं. चेंबरचं झाकण मातीखाली जातं आणि मग चोकअप झाल्यावर कोणालाच सापडत नाही. माती घराच्या प्लिंथपर्यंत चढते आणि हॉलच्या भिंतीला आतून ओल, रंगाचे पोपडे, स्कर्टिंगच्या वर मीठ फुटल्यासारखं पांढरं. घरमालक वॉटरप्रूफिंगवाल्याला बोलावतो, तो टेरेसवर केमिकल मारून जातो, ओल तशीच. अहो, ओल बागेतून येतेय! वाळवीलाही तुम्ही दार उघडून दिलंत. बागेची माती घरातल्या फरशीच्या लेव्हलपेक्षा किमान सहा इंच खाली पाहिजे, आणि उतार घरापासून बाहेरच्या दिशेला. मातीच टाकली की लेव्हल वर जाते, उतार उलटा होतो आणि खालचा कडक थर तर जिथल्या तिथं. तर आधी माती काढा. हो, काढा. ऐकायला कसंतरी वाटतं पण बऱ्याच बागांमध्ये मी पहिल्या दिवशी ट्रॉली भरून माती बाहेरच पाठवतो.

लाल मातीबरोबर लव्हाळा फुकट येतो तो वेगळाच. एकदा त्याच्या गाठी अंगणात आल्या की वरवर उपटून तो दुप्पट होतो. आणि गाजर गवताचं बीही येतं. माती घ्यायचीच असेल तर ट्रॉली उतरवायच्या आधी घमेलंभर चाळून बघा, काळ्या सुपारीएवढ्या किंवा त्याहून बारीक गाठी दिसल्या तर परत पाठवा, ड्रायव्हर कितीही चिडला तरी.

दुरुस्ती: हे मार्च ते मेमध्येच

पावसात खोदकाम काढू नका. ओल्या काळ्या मातीवर चालणं आणि फावडं चालवणं म्हणजे ती अजून दाबणं. माती वाफशावर आली की, म्हणजे मुठीत दाबली की गोळा होतो पण बोटाने टोचला की सुटतो, तेव्हाच हात लावायचा.

पहिलं काम टेरेसच्या पाण्याचं. बाकी काही जमलं नाही तरी हे एक करा, अर्धं दुखणं इथंच जातं. डाऊनटेक पाईपला खाली ११० मिलिमीटरचा पीव्हीसी पाईप जोडून जमिनीखालून सरळ बाहेर, रस्त्याकडेच्या पावसाळी गटारात किंवा शोषखड्ड्यात न्या. ड्रेनेजच्या चेंबरला जोडायची आयडिया प्लंबर देईल, कारण ते जवळ असतं. नका जोडू, मोठ्या पावसात तेच चेंबर उलटं वाहतं आणि मग अंगणात जे येतं ते पावसाचं पाणी नसतं. बोअर असेल आणि टेरेस स्वच्छ ठेवत असाल तर फिल्टर लावून बोअर रिचार्ज करा, सगळ्यात चांगलं. शोषखड्डा घराच्या पायापासून दहा फूट तरी लांब, आणि निव्वळ काळ्या मातीत करायचा असेल तर करू नका, काळी माती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते, पायाशेजारी हा खेळ नको. मुरमापर्यंत, सुट्या मुरमापर्यंत खोल जात असेल तरच शोषखड्ड्याला अर्थ आहे.

दुसरं लेव्हल. याला मशिन लागत नाही, गवंड्याकडचा पारदर्शक लेव्हल पाईप आणा, पाणी भरा, दोन माणसं दोन टोकांना उभी राहा. घराच्या भिंतीपासून बाहेर जाताना १०० फुटाला एक ते दोन फूट या हिशेबाने उतार द्यायचा, म्हणजे २० फुटाच्या लॉनला अडीच ते पाच इंच. डोळ्याला कळतही नाही पण पाण्याला कळतं. आणि उताराच्या खालच्या बाजूची पेव्हरची कड उतरवून लॉनच्या लेव्हलला किंवा अर्धा इंच खाली घ्या. पेव्हरवाला नाटकं करेल, बेड परत करावा लागेल म्हणून, करू द्या.

तिसरं, तो कडक थर फोडायचा. पहार आणि टिकाव घेऊन फूट-सव्वा फूट खोल फोडायचा, राडारोडा वेचून बाहेर. सिमेंटचे गोळे विशेष करून काढा, त्यांनी पीएच अजून वाढतो. इथं लोक एक हमखास गोष्ट करतात, काळी माती आहे ना मग वाळू मिसळा. थोडी वाळू मिसळलेली काळी माती उन्हाळ्यात विटेसारखी घट्ट होते. फरक पडायला अर्ध्याहून जास्त वाळू घालावी लागते, तेवढी कोण आणतंय. त्यापेक्षा कुजलेलं खत, पालापाचोळ्याचं कंपोस्ट दोन-तीन इंच घालून वरच्या फूटभर मातीत मिसळा. जिप्समही सगळे सुचवतात. जिप्सम चोपण जमिनीला, म्हणजे सोडियम जास्त असलेल्या जमिनीला उपयोगी. तपासणीत सोडियम आलंच नसेल तर पोती आणून काही होत नाही. आणि नवीन लाल माती टाकायचीच असेल तर ती खालच्या फोडलेल्या मातीत थोडी मिसळून घ्या, वेगळा थर म्हणून वर पसरू नका.

चौथं, एवढं करूनही टेस्टमध्ये पाणी उतरत नसेल तर ड्रेन. लॉनच्या खालच्या कडेने फूटभर रुंद, दीड फूट खोल चर, १०० फुटाला एक फूट उतार, म्हणजे ४० फुटाच्या चराला जवळपास पाच इंच. चरात आधी जिओटेक्स्टाईल कापड अंथरा, त्यावर थोडी २० एमएमची खडी, त्यावर चार इंची छिद्रांचा पाईप, छिद्रं खालच्या बाजूला, परत खडी, मग कापड वरून दुमडून घ्या आणि त्यावर जाड वाळू आणि माती. कापड वाचवायला जाल तर दोन पावसाळ्यांत खडीत माती भरून सगळं चोक. आणि पाईपचं दुसरं टोक कुठंतरी उघडं निघालं पाहिजे, हा मुद्दा इतका साधा आहे तरी विसरतात. मी असे ड्रेन उकरलेत ज्यांना बाहेरची वाटच दिलेली नव्हती, पैसे खर्चून अंगणाखाली पाण्याची टाकी बांधलेली.

पाणी ठीक आहे, तरी जाते? मग ऊन

उत्तरेकडच्या अंगणाची तक्रार वेगळी असते, तिथं लॉन पावसात नाही, थंडीत जाते. याचं गणित मजेशीर आहे. पुण्यात मे-जूनमध्ये सूर्य दुपारी जवळजवळ डोक्यावर, थोडा उत्तरेकडेच, त्यामुळे जागा बघायला येणाऱ्या माळ्याला उत्तरेचं अंगण उन्हात न्हालेलं दिसतं. डिसेंबरमध्ये तोच सूर्य दक्षिणेला कलतो आणि ऐन दुपारीसुद्धा २२ फूट उंच दुमजली घराची सावली उत्तरेला जवळपास २० फूट पडते. तुमचं अंगणच १५ फुटाचं, म्हणजे नोव्हेंबर ते जानेवारी तिथं ऊन शून्य. मेक्सिकन लॉनला रोज पाच-सहा तास थेट ऊन लागतं, हरळीच्या जातींना त्याहून जास्त. आणि सावलीत पाणीही वाळत नाही, पण टायमर मात्र मे महिन्याचाच लावलेला असतो, रोज सकाळ-संध्याकाळ स्प्रिंकलर चालू. संध्याकाळचं पाणी तर बंदच करा, रात्रभर पातं ओलं राहतं. चांगल्या खोल मातीत उन्हाळ्यातही आठवड्यातून दोन-तीनदा भरपूर पाणी पुरतं, मुळं खाली जातात, रोजच्या शिंतोड्यांनी ती वरच राहतात.

अशा जागेत लॉनचा हट्ट सोडा. नेचे, स्पायडर प्लांट, मनीप्लांट जमिनीवर पसरू दिलेला, पायवाटेपुरत्या शहाबादी फरश्या, झालं. पांढरे गोटे मात्र विचार करून टाका, पहिल्या पावसाळ्यानंतर शेवाळ धरून हिरवे होतात आणि त्यातला पाला वेचत बसावं लागतं. खाली प्लास्टिकचा कागद अंथरून गोटे टाकणं म्हणजे परत पाणी अडवणं, सच्छिद्र कापड वापरा.

लॉनमधली झाडं

लिंबाचं झाड लॉनच्या मधोमध, बुंध्यापर्यंत गवत, ही जोडी जमत नाही. लॉनला पाणी रोज, लिंबाच्या बुंध्याला ओल नको, मग साल तडकून डिंक गळायला लागतो, डिंक्या म्हणतात त्याला. बुंध्याभोवती दोन-तीन फूट गवत काढून आळं करा, आणि आळं दुहेरी, म्हणजे आतल्या गोलात बुंध्याला माती चढवलेली आणि पाणी बाहेरच्या गोलात. कढीपत्ता, सोनचाफा यांनाही साचलेलं पाणी चालत नाही. दरवर्षी टाकलेली माती या झाडांच्या बुंध्यावरही चढलेली असते, खोड वीतभर गाडलं जातं आणि तीन-चार वर्षांत झाड विनाकारण झुरतंय असं वाटतं. उकरून मुळांचा फुटवा जिथून सुरू होतो तिथपर्यंत मोकळं करा.

आंध्रातल्या कडियमहून किंवा आपल्या उरुळी कांचनच्या नर्सऱ्यांतून मोठी तयार झाडं आणता तेव्हा मुळांभोवतीचा चिकणमातीचा गोळा बघा. आहे तसा खड्ड्यात ठेवला तर पाणी त्याच्या बाजूने निघून जातं आणि गोळा आत कोरडा, नाहीतर कडक खड्ड्यात पाणी साचून गोळा सतत ओला, दोन्हीकडून मरण. गोळ्याच्या कडा थोड्या खरवडायच्या, गोल फिरलेली मुळं कापायची, आणि खड्डा खोल करण्यापेक्षा रुंद करायचा.

कंपाउंड वॉलला चिकटून वड-उंबराच्या कुळातलं काही नको, फायकस कितीही गोंडस दिसला तरी. कोनोकार्पस तर नकोच, गुजरात सरकारने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली, आपल्याकडे मात्र हिरवी भिंत म्हणून अजून विकतात. आणि "नंतर तोडून टाकू" हे मनात ठेवून झाड लावू नका, महाराष्ट्रात शहरी भागासाठी १९७५ चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे, स्वतःच्या अंगणातलं झाड तोडायलाही वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. आंबा भिंतीपासून चार फुटावर लावणाऱ्यांना मी आता काही बोलत नाही, फक्त शेजाऱ्यांशी संबंध कसे आहेत ते विचारतो.

खर्च बसत नसेल तर

सगळ्यांना खोदकाम परवडत नाही, भाड्याचा बंगला असतो, किंवा बाहेर पाणी काढायला वाटच नसते कारण शेजारचा प्लॉट वर आहे. तेव्हा सगळ्या अंगणाशी भांडू नका. टेरेसचं पाणी जमेल तितकं वळवा आणि जो कोपरा खाली आहे तो अजून चार इंच खाली घेऊन मुद्दाम पाण्याला द्या, लॉन तिथं संपवा. कर्दळ, अळू, वेखंड, जागा असेल तर एखादी केळ. आजीच्या मोरीच्या पाण्यावर हेच असायचं की. कर्दळ लाल-पिवळी दोन्ही लावा, फुटवे दरवर्षी विरळ करायचे. अळू वडीचं हवं की भाजीचं ते आधी घरात विचारून घ्या. पाणी दिवसभरात, फार तर दीड दिवसात जिरलं पाहिजे, त्याहून जास्त दिवस तसंच उभं राहत असेल तर डासांच्या अळ्या होणारच, मग तिथंही एक पाईप काढून वाट द्यावी लागेल. आणि त्या कोपऱ्यात उरलेली लाल माती नेऊन ओतायचा मोह माळ्याला नक्की होतो, त्या दिवशी तिथं उभे राहा.